जून भाज्यांचे जेवण

"पिशवी मी धरते," मंडईच्या दारातच राजाक्का म्हणाल्या. "तू नुसतं निवडायचं. मला काही विचारायचं नाही. चार भाज्या घे. दुपारी त्याच आपण सगळ्यांनी जेवायच्या."

त्यांनी माझ्या हातातली कापडी पिशवी काढून घेतली, लुगड्याचा पदर कमरेला खोचला आणि माझ्या मागे एक पाऊल अंतर ठेवून उभ्या राहिल्या.

"आणि तुम्ही?"

"मी बघणार. बघायलाच आले की मी."

कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत मी तोवर शेकडो वेळा आले असेन. नाव तीर्थाचे, पण तिथले पाणी पाहिलेले कुणी आमच्या माहितीत नव्हते. आम्हाला ठाऊक होती ती जुनी दगडी मंडई, तिच्या ओट्यांवर आणि ओट्यांखालच्या फरशीवर बुट्ट्या मांडून बसलेल्या वडणग्याच्या, शिये-भुयेच्या शेतकरी बायका आणि पहाटे नदीकाठच्या मळ्यांतून निघालेले, अजून ओले असलेले माळवे, म्हणजे ताजा भाजीपाला. आईचे गुडघे धरल्यापासून घरची भाजी मीच आणत असे. हात लावला की वस्तू कळे. त्या दिवशी मात्र मी मंडईत शिरले ती वाईटात वाईट भाजी विकत घ्यायचा निश्चय करूनच.

कारण राजाक्का मला सून म्हणून बघायला आल्या होत्या, आणि त्यांनी मला नापसंत करावे एवढीच माझी इच्छा होती.

ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या माघ महिन्यातली. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आम्ही मगदूम; आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शाहूपुरीत गुळाची अडत होती. राजाक्का कुरुंदवाडच्या चौगुल्यांकडच्या. दोन्ही घरे जैन. कांदा, लसूण, बटाटा घरात यायचा नाही आणि दिवस मावळायच्या आत जेवणे व्हायची. राजाक्कांचा धाकटा मुलगा सुकुमार नगरकडच्या एका साखर कारखान्यात इंजिनिअर होता. त्याला मी एका लग्नात लांबून पाहिले होते. उंच, शांत, कुणाला उलट न बोलणारा. नाव ठेवायला जागा नव्हती, हीच माझी अडचण होती. आण्णांना वैशाखातला मुहूर्त हवा होता. वैशाखात लग्न, म्हणजे जूनमध्ये मी नगरला, आणि एम.एस्सी.चे दुसरे वर्ष कायमचे राहिले.

मी आईला सांगितले, आईने आण्णांना. दाराआड उभी राहून मी त्यांचे उत्तर ऐकले.

"शिकायचं म्हणजे काय, लग्न झाल्यावर पुस्तकं वाचायला कोण नको म्हणतंय? चौगुल्यांचं घर आहे ते. त्यांनी नाही म्हटलं तर गोष्ट वेगळी, आपला इलाज नाही. पण आपल्या घरातून त्यांना नकार जाणार नाही."

त्यांनी नाही म्हटलं तर. हे चार शब्द मी दोन दिवस मनात घोळवत होते. मग राजाक्का आल्या. आईने बिनकांद्याचे पोहे, शिरा अशी तयारी मांडली होती. राजाक्कांनी बशी बाजूला सारली आणि म्हणाल्या, "पोहे घेऊन मान खाली घालून आल्या की सगळ्या पोरी मला सारख्याच दिसतात. उद्या सकाळी हिला बाजाराला घेऊन जाते." आण्णा हसले, कारण भाजीच्या बाबतीत त्यांना माझी खात्री होती. मीही मनातल्या मनात हसले. वाट आपोआप मोकळी झाली होती.

पहिल्यांदा मी दुधी घेतला. एका म्हाताऱ्याने ओट्यावर कोवळे दुधी लव शाबूत ठेवून मांडले होते आणि मागे एक थोराड, पांढुरका पडलेला दुधी भिंतीला टेकवून ठेवला होता. मी त्यालाच हात घातला. नख लावून पाहिले. नख आत गेले नाही.

"ताई, त्यो बी धरायला ठेवलाय," म्हातारा म्हणाला. "खायाचा न्हाई त्यो."

"मला तोच पाहिजे."

"आवं, शिजायचा न्हाई!"

"शिजवू आम्ही."

म्हाताऱ्याने माझ्याकडे, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या राजाक्कांकडे पाहिले. राजाक्कांनी पिशवीचे तोंड उघडून पुढे धरले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. मी दुधी पिशवीत टाकला तेव्हा त्यांचा हात वजनाने खाली गेला.

पुढची मेथी. कोवळ्या पेंड्या वरच होत्या. मी खालची, फुलावर आलेली, काड्या राठ झालेली पेंडी ओढून काढली. विकणारी बाई पैसे घेऊन गप्प बसली. शहाणे गिऱ्हाईक रोज येते. असले कधीतरी येते आणि त्याला अडवायचे नसते, असे तिच्या तोंडावर स्पष्ट लिहिले होते.

मला भीती होती ती हौसाबाईंची. वडणग्याच्या हौसाबाई मला परकरात असल्यापासून ओळखत; माझ्या त्रिशला नावाचे त्यांनी तिरशाला केले होते. त्यांची जागा मधल्या खांबापाशी. मी पलीकडच्या रांगेने, मान वळवून, निसटायचा प्रयत्न केला.

"ए तिरशाला! अगं ए!"

मंडईतली निम्मी डोकी वळली. थांबावे लागले.

"रोज माझ्याकडनं नेतीस, आन् आज कडंनं पळतीस? कुणाची नजर लागली व्हय मला?" एवढे बोलून त्यांचे लक्ष राजाक्कांच्या हातातल्या पिशवीकडे गेले. दुध्याचे बूड बाहेर डोकावत होते. हौसाबाई उठून उभ्याच राहिल्या. "अगं बया! ह्यो कुणी घेतला?"

"मी."

"तू? आन् कशापायी गं? मिरजंला धाडायचाय काय, तंबोरा करायला?"

आजूबाजूच्या बायका खदखदून हसल्या. एकजण म्हणाली, "तारा बी घिऊन जा म्हणावं!" माझे कान तापले. राजाक्का हसल्या नाहीत, पण त्यांनी तोंडावर पदर धरला, एवढे मी पाहिले.

"घरी पाहुणे आहेत, हौसामावशी. जरा घाईत आहे."

"पाव्हणं हाईत म्हणून असला दगुड नेतीस? काय पाव्हण्यास्नी पळवून लावायचंय?"

हौसाबाईंनी टोपलीतली कोवळी, लवलवीत भेंडी मूठभर उचलून पुढे केली. "ही घे. पैसं नगंत. असलं नेलंस तर माझी अब्रू जाईल. लोक म्हणतील हौसानं दिलं."

"नको मावशी. आज नको."

हात पुढे गेला असता तर सगळेच फसले असते. मी मागे न पाहता पुढे चालू लागले. मागून हौसाबाई राजाक्कांना सांगत होत्या, "अशी न्हाई हो पोरगी ही. आज काय तरी बिघडलंय तिचं."

शेवग्याच्या शेंगांच्या जागी मी सरळ बोटच दाखवले. बाईने चांगल्या शेंगा पुढे मांडल्या होत्या. फुगलेल्या, लाकूड झालेल्या शेंगा एका बाजूला टाकून ठेवल्या होत्या.

"त्या द्या."

"त्या म्हशीला न्यायच्या हाईत, ताई."

"त्याच द्या."

बाईने फुकट दिल्या. मी पैसे घ्या म्हटले, तर तिने हात मागे घेतला. म्हशीच्या वैरणीचे पैसे माणसाकडून घ्यायला तिला लाज वाटली असावी.

आता एकच भाजी राहिली होती, आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची. ओला हरभरा. कोपऱ्यातल्या एका बाईपुढे घाटे सोलायला आणलेल्या झाडांचा ढीग होता आणि त्यात कितीतरी घाट्यांना भोके पडलेली दिसत होती. असला हरभरा राजाक्कांसारख्या बाईच्या पिशवीत टाकला की पुढे काही करायची गरजच उरणार नव्हती. जून दुधी हा गबाळेपणा. हसून सोडून देता येतो. पण किडकी भाजी घरात आणणारी सून जैन घरात कोण करील? आदल्या रात्रीच मी ठरवून ठेवले होते, की शेवटचा घाव हा.

मी एक जुडी उचलली. भोकाच्या कडेशी हिरवी अळी अर्धी बाहेर आली होती. ऊन लागताच तिने डोके आत घेतले. मी जुडी हातात धरून बराच वेळ उभी राहिले असेन, कारण बाईने विचारले, "घेतीस काय न्हाई?"

मी ती ढिगावर ठेवली, वरच्या बाजूला, भोक सावलीकडे करून. शेजारच्या ओट्यावरून पिवळा पडलेला, शिरा सुटलेला घेवडा घेतला आणि म्हटले, "झाल्या चार."

"झाल्या," राजाक्का म्हणाल्या. "आता जरा बसू. माझाही दम गेलाय, आणि ह्या दुध्यानं खांदा गेलाय."

मंडईबाहेर एका बंद दुकानाच्या पायरीवर आम्ही बसलो. त्यांनी पिशवी दोघींच्या मध्ये ठेवली आणि एकेक वस्तू बाहेर काढून पायरीवर मांडू लागल्या, जणू आम्हीच आता विकायला बसलो होतो.

"दुधी. नख लावलंस?"

"हो."

"गेलं?"

"नाही."

"आणि घेतलास." त्यांनी दुधी बाजूला ठेवला. "मेथी. वरची सोडून खालची ओढलीस. शेंगा तर तू म्हशीच्या तोंडातून काढल्यास. घेवडा हा असा."

मी खाली पाहत राहिले. चाल यशस्वी होत होती. मला आनंद व्हायला हवा होता.

"माझी एक जाऊ होती," राजाक्का म्हणाल्या. "बिचारीला भाजीतलं काही कळायचं नाही. बाजाराला गेली की निम्मं चांगलं आणायची, निम्मं वाईट. न कळणाऱ्याचं तसंच होतं बघ. चुकून का होईना, काहीतरी बरं हाताला लागतंच. तुझ्या हाताला चुकूनसुद्धा बरं लागलं नाही. एवढं नेमकं वाईट उचलायला डोळा किती चांगला पाहिजे!"

मी मान वर केली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. घेवड्याची एक शेंग मोडून तिची शीर ओढत होत्या.

"आणि तो हरभरा का ठेवलास?"

"किडका होता."

"मग? तेवढा एक घेतला असतास, तर मी इथनंच परत कुरुंदवाडची एस.टी. धरली असती. तुझं काम झालं असतं."

"जीव होता त्यात," मी म्हटले. "घरी नेऊन आईनं निवडताना…"

राजाक्कांनी शेंगेची दुसरी शीर ओढली.

"कुणी पोरगा आहे मनात?"

"नाही. खरंच नाही. मला एम.एस्सी. पुरी करायचीय. अजून एक वर्ष आहे."

"वडलांना सांगितलंस?"

"आईला सांगितलं."

"मी वडलांचं विचारलं."

"नाही."

"का?"

"ते म्हणाले, आपल्या घरातून चौगुल्यांना नकार जाणार नाही."

"म्हणून चौगुल्यांच्या म्हातारीकडनं तो काढून घ्यायचा." त्यांनी शेंग खाली टाकली. आवाज चढला नव्हता, पण त्यातली मजा गेली होती. "आणि मग? मगदुमांची पोरगी बाजारात नेऊन बघितली आणि टाकली, असं जयसिंगपूरपासून निपाणीपर्यंत होईल. पुढच्या स्थळाच्या वेळी तुझा बाप काय सांगेल? आणि मला लोक काय म्हणतील, एका दुध्यावरनं सोयरीक मोडली? हे सगळं होऊ द्यायचं, पण तू स्वतःच्या तोंडानं एक शब्द बोलायचा नाही. असंच ना?"

मला असे कधी दिसलेच नव्हते. कालपासून मी स्वतःला धीट समजत होते.

"माझी थोरली सून," त्या म्हणाल्या, "गुणाची आहे. आल्यापासून एकदा उलट बोलली नाही. काय करू म्हणून विचारलं की म्हणते, तुम्ही म्हणाल ते. आमटीत मीठ किती घालू, तेपण विचारते. मला वाटायचं, किती नम्र! मग एकदा दोघीच घरात होतो. मी विचारलं, बाई, तुला ह्या घरात यायचं होतं का गं? तर रडली नाही की काही नाही. पोळी लाटता लाटता म्हणाली, मला कुणी विचारलंच नव्हतं. लेकरं झालीत तिला दोन. आता मी विचारून काय करू?"

समोरून एक हातगाडी गेली. राजाक्कांनी पाय आत घेतले.

"म्हणून ह्या वेळी मी पोरींना बाजारात नेते. घरात तुम्ही मान खाली घालून बसता. बाजारात कायतरी निवडावंच लागतं, तिथं कळतं. तुझ्या आधी दोघींना नेलं. एकीनं प्रत्येक भाजी माझ्या तोंडाकडं बघून घेतली. दुसरीनं तर पिशवीच माझ्या हातात दिली, तुम्हीच घ्या म्हणाली. तू पहिली, जिनं आपल्या मनासारखं घेतलं. वाईट घेतलंस, पण आपल्या मनासारखं." त्या भाज्या परत पिशवीत भरू लागल्या. "मी तुला नापसंत करणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पसंत. दुपारी जेवताना तुझ्या वडलांना सांगणार. पुढचं तू बोल. तिथंच, त्यांच्या ताटापुढं. मी तुला अडवणार नाही, उठून जाणार नाही, आणि रागही धरणार नाही. पण तुझ्या वतीनं एक शब्द बोलणार नाही. आणि तू गप्प राहिलीस, तर वैशाखात तुला घेऊन जाईन."

"राजाक्का, भाजी तरी बदलून आणू? हौसामावशींकडची भेंडी…"

"नको. निवडलीस ती खायची. चल, जून आहे, शिजायला वेळ लागेल."

घरी आईने पिशवी उपडी केली आणि ती मटकन खालीच बसली. "त्रिशला, हे काय गं? पाहुण्यांना हे वाढू?"

"वाढा वैनी," राजाक्का बाहेरच्या सोप्यातून म्हणाल्या. "तुमच्या लेकीनं निवडलंय. दुध्याला कोयता लागला तर सांगा, मी येते."

कोयता लागला. दुध्याच्या बिया लाकडाच्या चिपांसारख्या उडाल्या. मेथीच्या काड्या आईने जितक्या टाकवतील तितक्या टाकल्या, तरी कडवटपणा गेला नाही. शेंगांच्या आमटीला तीन उकळ्या आल्या, पण शेंगा होत्या तशाच राहिल्या. आई मधूनमधून माझ्याकडे बघत होती, आणि मी शेंगदाण्याची चटणी कुटता कुटता मनात वाक्ये जुळवत होते. एकही धड जुळत नव्हते. आण्णा, मला असे वाटते की. आण्णा, तुमची परवानगी असेल तर. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ते 'नाही' म्हणतील अशी जागा आधीच ठेवलेली असे.

आण्णा अडतीवरून आले. गुळाचा हंगाम होता. त्यांच्या सदऱ्याला गुळाचा वास आणि बाहीला पिवळे कण असत. हातपाय धुऊन ते पाटावर बसले. समोर राजाक्का. मी वाढत होते. आण्णांनी शेंग तोंडात घातली, चावली, पुन्हा चावली आणि हळूच ताटाच्या कडेला ठेवली. दुसरी घातली. मग दुध्याचा घास घेतला आणि त्यांचा जबडा थांबला. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. आईने नजर चुकवली.

राजाक्का शांतपणे जेवत होत्या. भाकरीबरोबर मेथीचा मोठा घास, वर चटणी. शेंगांच्या चोथ्याखेरीज त्यांनी ताटात काहीही टाकले नाही.

"राजाक्का," आण्णा अखेर म्हणाले, "माफ करा. आमच्या त्रिशलाला बाजारातलं चांगलं कळतं. सगळी गल्ली तिच्याकडनं भाजी आणवते. आज कसं काय झालं, कळत नाही."

"मगदूम, मुलगी मला पसंत आहे."

आण्णांचा हात ताटातच राहिला. "हे खाऊनसुद्धा?"

"हे खाऊनच."

आण्णा मोकळेपणाने हसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना तसे हसताना पाहिले. "मग देवाची कृपा म्हणायची! वैशाखात पंचमीचा मुहूर्त चांगला आहे. सुकुमारची रजा…"

मी ताकाचा तांब्या घेऊन मध्येच उभी होते. राजाक्कांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्या भाकरीचा तुकडा मोडत होत्या, फार सावकाश.

"आण्णा."

"ताक वाढ त्यांना."

"आण्णा, मला हे लग्न आत्ता करायचं नाही."

तो आवाज माझा होता, हे मला तो खोलीत पसरल्यावर कळले. आण्णांनी वर पाहिले. रागाने नव्हे; ऐकू नीट आले नाही, अशा चेहऱ्याने.

"आत जा," ते म्हणाले.

"मी आत जाणार नाही. मला एम.एस्सी.चं दुसरं वर्ष पूर्ण करायचंय. त्यानंतर तुम्ही म्हणाल तेव्हा लग्नाचं बोलू. पण ह्या वैशाखात नाही."

"पाहुण्यांसमोर…"

"भाज्याही मी मुद्दाम वाईट आणल्या. राजाक्कांनी मला नापसंत करावं म्हणून. तुमच्याशी बोलायचा धीर नव्हता मला."

आई दारातून पुढे आली. तिने माझ्या हातातला तांब्या घेतला आणि स्वतः राजाक्कांना ताक वाढले. मग आत न जाता माझ्या शेजारी उभी राहिली.

आण्णांनी राजाक्कांकडे पाहिले. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"मंडईतच कळलं."

"आणि तरी पसंत म्हणता?"

"मला ती पसंत पडली. तिला मी नाही पडले. त्यात भांडण कसलं?" राजाक्का ताक प्यायल्या. "माझा अपमान बिपमान काही झालेला नाही, मगदूम. कुरुंदवाडात जाऊन मी सांगेन, मुलगी चांगली आहे, शिकतेय, आम्हाला थांबायला सवड नाही. खोटंही नाही ते. आता तुम्ही बघा."

त्यांनी शब्द पाळला. याहून जास्त त्या काही बोलल्या नाहीत.

आण्णा ताटाकडे बघत बसले. शेंगांचा चोथा कडेला साठला होता. त्यांनी आणखी एक शेंग उचलली, दातांत धरून ओढली, टाकून दिली. मला वाटले, आता ते उठतील, हात धुतील, टोपी घालून अडतीवर जातील आणि संध्याकाळपर्यंत आईकडून निरोप येईल. आमच्या घरात मोठ्या गोष्टी अशाच निरोपाने यायच्या. मी दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून उभी राहिले. निरोप नको होता मला. जे असेल ते इथे, त्यांच्या तोंडून हवे होते.

"दुसऱ्या वर्षाला काय असतं?" आण्णांनी विचारले.

"म्हणजे?"

"अभ्यासाला. काय शिकवतात तुम्हाला?"

एवढ्या वर्षांत त्यांनी माझी फी भरली होती, निकाल विचारला होता. हे कधी विचारले नव्हते.

"पिकांचे रोग," मी म्हटले. "बुरशीमुळे होणारे. मी तोच विषय घेणार आहे. भात, ज्वारी, ऊस…"

"उसाचा कुठला?"

"काणी."

आण्णांची मान झटकन वर आली. "काणी?"

"हो. शेंड्यातनं काळा चाबूक निघतो तो."

"मला सांगू नकोस काणी कशी दिसते ते. गेल्या साली कसबा बावड्याच्या निम्म्या गुऱ्हाळांनी बोंब मारली. त्या उसाचा गूळ धरत नाही. ढेप फुटते." ते थांबले. "त्याला इलाज आहे तुमच्यात?"

"काही आहेत. लावणीचं बेणं गरम पाण्यातनं काढून लावलं तर पुष्कळ फरक पडतो."

"गरम पाण्यात? बेणं मरत नाही?"

"किती गरम आणि किती वेळ, ते ठरवावं लागतं. तेच शिकायचंय."

राजाक्कांनी ताट स्वच्छ केले होते आणि त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. आईने आण्णांच्या पुढे हात धुवायला तस्त आणून ठेवले. त्यांनी ते पाहिलेही नाही. हातावरचे उष्टे वाळले होते.

"आणि समजा," ते म्हणाले, "काणी आलेल्या फडातलंच बेणं एखाद्यानं लावलं, तर? पुढच्या साली काय होतं? बस, आणि नीट सांग."

मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले आणि सांगायला लागले.